बिनसालीचे हरभरे

आई तोंड उघडत नव्हती. तिला ते उघडता येत होतं, पण ती उघडत नव्हती. हा फरक आमच्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले.

उन्हाळा सुरू होता होता तिला लकवा मारला. आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला लातूरला आणलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. गिळणंही गेलं. लकव्यानं हातपाय जातात हे आम्ही ऐकून होतो, पण माणसाचं गिळणं जातं हे कुणालाच माहीत नव्हतं. घोट घ्यायला गेली की तो अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेला लागायचा. म्हणून डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि सुट्टी देताना बजावून सांगितलं, आमची परवानगी मिळेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ लातूरला असतो. इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. आईला त्याच्याच घरी ठेवलं आणि आबाही तिथंच राहिले. मी नांदेडला शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचं, असं माझं चाललं होतं.

घरात खरी आग लागली ती चहामुळं.

दुपारची वेळ होती. भाऊ दुकानात, भावजय बाहेर कपडे वाळत घालत होती. आबा आईच्या कॉटशेजारी बसून चहा पीत होते. आई त्यांच्या कपाकडं बघत होती. बघत होती, एवढंच आबांनी नंतर सांगितलं. त्यांनी चमच्यानं दोन घोट तिच्या तोंडात घातले. तिला ठसका लागला, ती काळीनिळी पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा चहा फुप्फुसात गेल्याचं कळलं. निमोनिया झाला आणि पुन्हा ते अतिदक्षता विभागाचे दिवस आले.

मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात भाऊ आबांना म्हणत होता, "मारायचंच होतं तर सरळ सांगायचं होतं. आम्ही कशाला धावपळ करून राहिलोत?"

आबा भिंतीला हात लावून उभे राहिले. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, घाटात ब्रेक कमी लागला तरी ज्याचा हात हलला नसेल, त्याचा हात तेव्हा हलत होता.

आई वाचली, घरी आली. पण त्यानंतर बाप-लेकांचं बोलणं बंद झालं. काय ते माझ्यामार्फत. मी नसले की भावजयीमार्फत. "मामांना विचार, जेवणार का?" भाऊ तिला म्हणायचा, आणि मामा, म्हणजे आबा, तिथंच हातभरावर बसलेले असायचे. आबा बाहेरच्या खोलीत हलले. आईच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, तिथून बघायचे आणि मागं फिरायचे.

आईनं नाकातली नळी ओढून काढली. परत घातली, तिनं परत ओढली. रक्त आलं. शेवटी तिचा चांगला असलेला डावा हात मऊ फडक्यानं कॉटच्या दांडीला बांधायची पाळी आली. भावजय ती गाठ बांधायची तेव्हा आई तिच्याकडं एकटक बघायची. भावजय गाठ बांधून स्वयंपाकघरात जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही.

डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही. गिळायला शिकवून बघू. जमलं तर ठीक, नाहीतर पोटाला छोटं छिद्र पाडून तिथून नळी टाकू.

"पोटाला भोक पाडायचं?" आबा मला म्हणाले. "ती काय बसचं टायर हाय का?"

"त्यांना सांग ताई," भाऊ आतून ओरडला, "दुसरा उपाय असेल तर बोला म्हणावं."

गिळण्याचे व्यायाम शिकवायला दवाखान्यातून एक मॅडम घरी यायच्या. वयानं लहान, बोलायला मऊ, पण कामात कडक. त्यांनी तपासून सांगितलं की घट्ट, गुळगुळीत पदार्थ आई गिळू शकेल. पातळ नको, कण नको, दाणा नको. घट्ट आणि पातळ एकत्र तर मुळीच नको. मग आम्ही रव्याची खीर आटवून दिली, केळं कुस्करून चाळलं, नाचणीची लापशी केली. आईनं कशालाच तोंड उघडलं नाही. चमचा ओठाला लागला की ती मान वळवायची. मॅडमना वाटलं, जबड्याचे स्नायू आखडले असतील. तेवढ्यात तिला जांभई आली आणि तोंड चांगलं मोठं उघडलं. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"यांना जबरदस्ती करू नका," मॅडम म्हणाल्या. "पण सोमवारी डॉक्टरांना मला काहीतरी सांगावं लागेल."

भावजय दाराला टेकून उभी होती. ती देगलूरची. कॉलेजला हैदराबादेत मावशीकडं राहिलेली. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आम्ही आतापर्यंत सगळं गोडच दिलं. मामींनी जन्मात गोड खाल्लं नाही. पुरणपोळी केली तर स्वतःला भाकरी टाकायच्या. हमस चालेल का?"

"काय?" मी विचारलं.

"काबुली हरभरे शिजवून वाटायचे. तीळ, लसूण, लिंबू घालून. हैदराबादला खायचो आम्ही."

मॅडमनी थोडा विचार केला. "चालेल. पण हरभऱ्याचं एकसुद्धा साल राहता कामा नये. साल घशाला चिकटलं तर पंचाईत. तिखट अजिबात नको, खोकला येईल. आणि चमचा तिरपा केला की गोळा सरकून पडला पाहिजे. ओघळलं तर पातळ, चिकटून बसलं तर जास्त घट्ट."

ही शुक्रवारची गोष्ट. मी त्या आठवड्यात रजा टाकून आले होते. भाऊ रात्री येताना काबुली हरभरे घेऊन आला. आमच्याकडं बाजारात त्याला डॉलर हरभरा म्हणतात. भावजयीनं ते निवडून भिजत घातले.

सकाळी चिमूटभर सोडा टाकून तिनं कुकर चढवला. लसूणही त्यातच घातला, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. हरभरे इतके शिजले की बोटानं दाबले की लोणी. मग परातीत पाणी घालून आम्ही दोघी साल काढायला बसलो. चिमटीत धरून दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो आणि साल बोटाला चिकटून राहतं. काम सोपं आहे, पण नजर हलली की चुकतं. एक साल पाण्याखाली दाण्याला चिकटून राहिलं तर दिसतही नाही.

थोड्या वेळानं भाऊही येऊन बसला. दुकान त्या दिवशी उशिरा उघडणार होता. आम्ही तिघं परातीभोवती बसलो. आतल्या खोलीतून आईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात आबा उठले, मोरीत हात धुऊन आले आणि पाट ओढून भावाच्या समोर बसले. भावाचा हात थांबला. मला वाटलं, आता हा उठून जातो. पण तो बसून राहिला. मान खाली घालून दोघं दाणे सोलायला लागले.

आबांची बोटं जाड आणि नखं राठ. सालं हाताला लागत नव्हती. त्यांनी सोललेला एक दाणा भावानं उचलून उजेडाला धरला, त्याच्यावरचं उरलेलं साल काढलं आणि भांड्यात टाकला. पुढचाही उचलला. त्याच्या पुढचाही.

"बरोबर निघना का?" आबांनी मला विचारलं.

"निघतंय," मी म्हटलं.

"त्याला सांग, दाणा फेकायचा न्हाई. राह्यलं तर परत माझ्याकडं दे म्हणावं."

भावाला पुढच्या दाण्यावर साल दिसलं तेव्हा त्यानं तो स्वतः सोलला नाही. आबांच्या पुढ्यात ठेवला.

पहिला घाणा फसला. भावजयीनं तीळ मंद भाजून, करडईचं तेल घालून मिक्सरला वाटले, मग त्यात हरभरे, लसूण, लिंबू घालून फिरवलं. दिसायला सुरेख, लोण्यासारखं. तिनं बोटावर घेऊन चाखलं आणि तिचा चेहरा उतरला. मला दिलं. जिभेवर बारीक कचकच लागत होती.

"तीळ कुठले?" भावानं विचारलं.

"मामांनी गावाकडून आणलेले. सालीसकट आहेत," भावजय हळूच म्हणाली.

"म्हणजे सकाळपासून साली काढत बसलो आणि तिळाच्या साली तशाच घातल्या?" भावाचा आवाज चढला. "कुणाला कळत नाही का ह्या घरात? आधी चहा, आता हे!"

आबा पाटावरून उठले. "मी तीळ आणले तवा मला काय म्हाईत तुम्ही काय करणार हाव ते? घरचे तीळ हायेत, तिच्या हातानं पाखडलेले हायेत. त्यांनी ती मरणार न्हाई."

"तुमच्या हातानं मरता मरता वाचली ती."

भावजयीनं मिक्सरचं भांडं ओट्यावर एवढ्या जोरात आदळलं की आम्ही सगळे दचकलो. तिला कधी आवाज चढवून बोलताना मी ऐकलं नव्हतं. तेव्हाही चढवला नाही. "आत त्यांना सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली. "त्यांची वाचा गेली, कान गेले नाहीत."

मी आत डोकावले. आई छताकडं बघत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं आणि बांधलेला हात पुसायला पोचत नव्हता. मी गाठ सोडली. तिनं नळीला हात लावला नाही. डोळे पुसले आणि हात उशीवर ठेवला.

भाऊ बाहेर निघून गेला. स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, दुकानात गेला, आता आजचं काही होत नाही. आबा बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले. भावजय मात्र उरलेले हरभरे पुन्हा एकदा बघायला लागली. मीही तिच्याजवळ बसले.

बऱ्याच वेळानं स्कूटी परत आली. भावाच्या हातात पांढऱ्याशुभ्र सोललेल्या तिळाची पुडी आणि नवी बारीक जाळीची चाळणी होती. दोन्ही त्यानं ओट्यावर ठेवलं.

दुसरा घाणा आम्ही चाळणीतून काढला. भाऊ चाळणी धरून उभा, मी वाटीच्या बुडानं घोटत होते, भावजय खालून खरवडून घेत होती. इंचाइंचानं ते उतरत होतं. हात भरून आले की आम्ही अदलाबदल करायचो. खाली जे आलं ते आम्ही सगळ्यांनी चाखलं. जिभेवर फिरवलं, टाळूला दाबलं, घशाशी नेऊन थांबवलं. कुणाला कुठं काही लागलं नाही. भावजयीनं वाटी आबांकडंही नेली. त्यांनी बोट बुडवलं, डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरलं आणि मान हलवली.

मग आईला कॉटवर उठवून बसवलं. पाठीशी उशा लावल्या. मॅडमनी शिकवलं होतं तसं हनुवटी छातीकडं झुकवली. मी छोट्या चमच्याच्या टोकावर घेतलं, तिरपं करून बघितलं, गोळा सरकून पडला. पुन्हा घेतलं आणि ओठांशी नेलं.

आईनं तोंड मिटून घेतलं.

"आई, गोड नाही हे," मी म्हटलं. "लसूण आहे बघ, वास घे."

तिनं वास घेतला. नाकपुड्या हलल्या. पण ओठ उघडले नाहीत. भावानं माझ्या हातातून चमचा घेतला. "आई, माझ्यासाठी एवढं घे. सोमवारी ते पोटात नळी घालणार हायेत." आईनं डावा हात उचलून त्याच्या गालाला लावला, पण तोंड उघडलं नाही. तिची नजर त्याच्या खांद्यावरून दाराकडं गेली होती.

मी मागं बघितलं. उंबऱ्याच्या पलीकडं आबा उभे होते.

भावानंही बघितलं. तो तसाच चमचा धरून बसून राहिला. चमच्यावरचा गोळा सुकायला लागला होता. मग तो उठला आणि त्यानं चमचा आबांच्या पुढं धरला.

"तुम्ही द्या."

किती तरी दिवसांनी तो त्यांच्याशी सरळ बोलला होता.

"न्हाई," आबा मागं सरकले. "माझ्या हातानं न्हाई. एकदा झालं तेवढं बास झालं."

"आबा, ती तुमच्याकडंच बघून राहिली."

"माझा हात कापतो रे."

"मी धरतो."

आबा आत आले. कॉटच्या कडेला बसले. भाऊ त्यांच्या मागं वाकून उभा राहिला आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं. आईनं आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि ओठ उघडले.

चमचा आत गेला आणि रिकामा बाहेर आला. आईचे गाल हलले. तोंडात ते इकडून तिकडं फिरत होतं. मी तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली होती. गिळलं की कंठ वर उचलला जातो, तो उचलला गेला पाहिजे. तो उचलला जात नव्हता. आईनं डोळे घट्ट मिटले. मग बोटांखालून काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं.

"गेलं," मी म्हटलं.

"आ म्हणायला लाव," भावजय म्हणाली. घास चुकीच्या वाटेला गेला तर आवाज ओला येतो, पाण्यातून आल्यासारखा. मॅडमनी तेवढं पक्कं करून घेतलं होतं.

"आ," आई म्हणाली. घोगरा, पण कोरडा आवाज.

दुसरा घास तसाच गेला. तिसऱ्याला ती खोकली.

आबांच्या हातातला चमचा खाली पडला. भावानं आईला पुढं वाकवलं, मी पाठीवर हात ठेवला, भावजय फोन शोधायला लागली. आई खोकत होती. चेहरा लाल झाला होता, नळी हिंदकळत होती. आबा उठून भिंतीला चिकटले. मला डॉक्टरांचा नंबर आठवत नव्हता. दवाखाना कोणत्या वळणावर आहे तेही आठवत नव्हतं.

मग खोकला थांबला. तिनं एक लांब श्वास घेतला, दुसरा घेतला. ओठ निळे पडले नव्हते.

"आई, आ म्हण," मी म्हटलं. "आई, आ म्हण ना."

तिनं आ म्हटलं नाही. ती भावजयीकडं बघत होती. ओठ जुळवत होती, सोडत होती, परत जुळवत होती. आम्ही वाकून ऐकायला लागलो.

"मी...ठ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बीपीमुळं मीठ कमी करायला सांगितलं होतं, म्हणून भावजयीनं जेमतेम टाकलं होतं. लकवा मारल्यापासून आईचा हा पहिला शब्द. भावजय "आणते मामी" म्हणून स्वयंपाकघरात गेली, ती डबा हातात धरून तिथंच फरशीवर बसली. शेवटी चिमूटभर मीठ मीच कालवलं. आबा कोपऱ्यातून हलले नाहीत, तेव्हा आईनं डाव्या हातानं त्यांना खूण केली. या, बसा. भावानं नवा चमचा आणून त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यानं मनगट धरलं नाही. नुसता शेजारी उभा राहिला.

सोमवारी डॉक्टरांनी छाती ऐकली, फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ होती. पोटातल्या नळीचं पुढं ढकलू, म्हणाले. टळलं असं ते म्हणाले नाहीत आणि आम्हीही धरून चाललो नाही. नाकातली नळी निघेपर्यंत पावसाळा लागला होता. तोवर त्या घरात रोज हरभरे सोलले जात होते. मी नांदेडला असले तरी फोनवर मिक्सरचा आवाज यायचा आणि मी वर्गात जायला उशीर करून तो ऐकत राहायची. एखाद्या दिवशी आई काहीच खायची नाही. एखाद्या दिवशी आवाज ओला यायचा आणि मग सगळ्यांचा दिवस तसाच जायचा, थर्मामीटर लावत.

आबा आणि भाऊ यांच्यात सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. जिन्यातलं ते वाक्य भावानं कधी परत घेतलं नाही, आबांनीही कधी विचारलं नाही. पण ते एकमेकांशी बोलतात. ट्रॅक्टर कुणाचा लावायचा, बोअरची मोटार का बंद पडली, यावर चांगले कचाकचा भांडतात. भांडण ऐकलं की भावजय मला फोन करून सांगते.

आई आता गावाकडं आहे. बोलते, पण शब्द शोधावे लागतात. वरणात भिजवलेली भाकरी खायला लागल्यापासून कुणी हमसचं नाव काढलं की ती तोंड वाकडं करते. मागच्या दिवाळीत भावजयीनं मुद्दाम करून आणलं होतं, तर आईनं ते शेजारणीला देऊन टाकलं. डाव्या हातानं जेवते. बरंचसं ताटाबाहेर सांडतं. एखादी जुनी बाई म्हणतेच, अगं डाव्या हातानं कसं? आई तिच्याकडं बघते आणि पुढचा घास घेते. सांडलेलं कुणी उचलायला गेलं तर मात्र डोळे वटारते. जेवण होईपर्यंत तिच्या ताटाला कुणी हात लावायचा नाही.